लक्ष्मणराव टेलरचा कोट

समोरच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी एक भाऊ आणि एक बहीण भांडत असत. भोसरीला भांडणाचं अप्रूप नाही. खाली वर्कशॉप आणि वर भाड्याच्या खोल्या अशी गल्ली असली की पाण्यावरून, पार्किंगवरून, कुणाच्या ग्राइंडरच्या आवाजावरून काही ना काही चालूच राहतं. पण हे भांडण रोज त्याच वेळी सुरू व्हायचं, रोज त्याच शब्दांत व्हायचं, आणि "बाबांचा कोट तुझ्या एकट्याचा नाही" इथवर आलं की एकदम थांबायचं. मग तिसराच कुणीतरी शांतपणे म्हणायचा, "पुन्हा एकदा घेऊ." आणि ती दोघं मुकाट्याने पहिल्यापासून भांडायला लागायची.

समोरच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या विजयश्रीने काही दिवस दम धरला. तिचा नवरा श्याम कंपनीची बस चालवायचा, दिवसभर लोकांच्या गप्पा ऐकून त्याला दुसऱ्यांच्या घरात डोकावण्याची हौस उरली नव्हती. "तुला काय करायचंय?" तो म्हणाला. पण विजयश्रीचा स्वभावच असा की बंद डबा दिसला की झाकण उघडून पाहिल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. एका संध्याकाळी तिने गॅस बंद केला, खाली उतरली आणि अर्धवट ओढलेल्या शटरखालून वाकून आत शिरली. भांडण सोडवायला जायचं की कारण विचारायला, हे तिचं तिलाही ठरवता आलेलं नव्हतं.

आत नाटकाची तालीम चालली होती. शेड ज्योतीरामची. दिवसा तो तिथे मशीनना लागणारे लोखंडी गार्ड आणि स्टँड बनवायचा, आणि कामगार घरी गेले की हौशी नाटकवाल्यांना जागा द्यायचा. बदल्यात त्याला फक्त नेपथ्य करू द्यायचं, एवढी एकच अट होती. दिग्दर्शक निरंजन वाकडच्या उंच इमारतीत राहणारा, कॉम्प्युटरसमोर बसून नोकरी करणारा. बहीण झालेली अनुया शाळेत शिकवायची आणि भाऊ झालेला मिहिर औषधं विकत फिरायचा. नाटकाची गोष्ट साधी होती. वडील गेल्यावर दोन भावंडं घराची वाटणी करायला बसतात. भांडी, जमीन, देव, सगळं वाटून होतं. शेवटी खुंटीवरचा वडिलांचा कोट उरतो. दोघं दोन बाह्या धरून ओढतात, कोट पाठीत मधोमध फाटतो आणि पडदा पडतो.

"आणि नाही फाटला तर?" विजयश्रीने दारातूनच विचारलं.

ही बाई कोण, असं कुणी विचारलंच नाही, कारण तिने नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. पुण्याचा ड्रेपरीवाला कोट भाड्याने देत होता, पण फाडायला कोण देणार? जुन्या बाजारातून आणलेल्या पहिल्या कोटाशी झुंजताना मिहिर पाठीवर आपटला होता आणि कोटाचं बटणही हललं नव्हतं. दुसऱ्याची शिवण आधीच कापून ठेवली, तर अनुयाने खुंटीवरून काढतानाच त्याचे दोन तुकडे झाले. निरंजन म्हणाला, "ताई, आम्हाला असा कोट हवाय जो शेवटपर्यंत धड राहील आणि हवा तेव्हाच फाटेल. असा कोट जगात नसतो."

"कोटाचं म्हाईत न्हाई," विजयश्री म्हणाली, "पण शिवण असती की तशी. मी रोज तीच शिवायले."

चाकणच्या पुढे एका कंपनीत ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. त्या कव्हरांवरच्या सगळ्या शिवणी पक्क्या लागतात, एक सोडून. सीटच्या कडेला आत एक हवेची पिशवी घडी घालून ठेवलेली असते. गाडी धडकली की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि बसलेल्या माणसाच्या आणि दाराच्या मध्ये येते. तिने बाहेर यायचं ते त्या एका शिवणीतून. म्हणजे ती शिवण एरवी वर्षानुवर्षं टिकली पाहिजे आणि वेळ आली की तिने चटकन वाट दिली पाहिजे. दोरा वेगळा, टाका लांब, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे दुहेरी टीप मारायची नाही. लहानपणापासून प्रत्येक शिवण पक्की करायची सवय लागलेल्या हाताला हे शिकवताना विजयश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता त्या कामासाठी वेगळं मशीन होतं आणि त्यावर ठरावीक बायकांनाच बसायची परवानगी होती. त्यात ती पहिली.

आणि तरीही तिची शिवण फाटताना तिने कधी पाहिली नव्हती. नमुने तपासायला दुसरीकडे जात आणि तिथून "पास" एवढाच निरोप येई. फाटताना ती कशी दिसते? वरून सुरू होते की मधून? आवाज येतो का? सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, टार्गेट बघा." रस्त्यात ठोकलेली गाडी दिसली की बाकीचे लोक माणसं बघतात, विजयश्री सीटची कड बघायची. श्यामला याची फार लाज वाटे.

त्यामुळे नाटकाची गरज आणि विजयश्रीची उत्सुकता यांची गाठ पडायला वेळ लागला नाही. पहिली शिफ्ट करून ती चार घास खायची आणि शेडमध्ये हजर व्हायची. कंपनीचा दोरा बाहेर आणायचा नाही, तेव्हा पिंपरीच्या बाजारातून तिने वेगवेगळे सुती दोरे आणले. ज्योतीरामच्या टेबलावर जुन्या कोटांच्या पाठी उसवायच्या, शिवायच्या आणि मिहिर-अनुयाकडून ओढून घ्यायच्या. एक दोरा फार लवकर तुटला, एक तुटलाच नाही. एकदा टाका इतका लांब झाला की कोट खुंटीवर असतानाच पाठीतून उजेड दिसला. शेवटी एक दोरा आणि एक टाका असा जमला की कोट चांगले तीन हिसके सोसायचा आणि चौथ्याला मानेपासून खाली टर्रकन उघडायचा. विजयश्री तोंडावर हात ठेवून बघत राहिली. शिवण वरून सुरू होत होती आणि आवाज येत होता. पुढची शिवण घालायला ती इतकी उतावीळ झाली की मिहिर म्हणाला, "ताई, आमचे खांदे निखळतील, उद्या बघू."

ज्योतीरामचं काम तोवर दुसऱ्याच वळणावर गेलं होतं. त्याने घराची भिंत उभी केली ती लोखंडी चौकटीवर जाड पत्रा मारून, आणि त्यावर भट्टीतून रंग भाजून आणला. दिवे लावले तर भिंत झगमगायला लागली.

निरंजनने भिंतीवरून बोट फिरवलं. "ज्योतीरामभाऊ, हे घर आहे की फ्रीज?"

"पन्नास वर्षं गंजणार नाही, राव," ज्योतीराम म्हणाला.

"आपल्याला एकच अंक चालवायचंय."

ज्योतीराम त्या संध्याकाळी लवकरच घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने लाल माती आणि डिंक कालवला, विजयश्रीने चिंध्या दिल्या आणि दोघांनी मिळून त्या भिंतीला जुनं केलं. कोटाची खुंटी मात्र त्याने त्या पत्र्याला आरपार बोल्ट मारून बसवली. त्या खुंटीवर निरंजनला टांगलं असतं तरी ती हलली नसती.

भिंत जमली, शिवण जमली, आणि मग निरंजनला कोट आवडेना. बाजारातला कोणताही कोट खुंटीवर ओल्या फडक्यासारखा लोंबायचा. "हा कोट पूर्ण अंकभर प्रेक्षकांसमोर आहे," तो म्हणाला. "बाप गेलाय, पण कोट असा दिसला पाहिजे की बाप तिथेच उभा आहे." ज्योतीराम म्हणाला, आत तारेचा सांगाडा घालतो. सगळे हसले, पण विजयश्री हसली नाही, कारण असा एक कोट तिच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत होता.

तो तिच्या वडिलांचा, लक्ष्मणराव टेलरचा कोट. औशाला बसस्टँडच्या मागे त्यांचं दुकान होतं. शाळेचे गणवेश, सदरे, लेंगे, पँटी. त्यांनी आयुष्यात कोट एकच शिवला, स्वतःसाठी, आणि तो झेंड्याच्या दिवशी आणि जवळच्यांच्या लग्नात घातला. अंगावर नसला तरी त्याची छाती पुढे आलेली असायची आणि खांदे ताठ असायचे. लहानपणी विजयश्री त्या छातीवर बोटं दाबून बघायची. दाबलं की आत काहीतरी कुरकुरायचं आणि पुन्हा वर यायचं. "अण्णा, आत काय हाय?" ती विचारायची. "तुला काय करायचंय," अण्णा म्हणायचे. त्यांनी तिला काज शिकवलं, सदरा शिकवला, पँट शिकवली, आणि टाका वाकडा पडला की लाकडी पट्टीने बोटांवर मारलंही. कोट तेवढा शिकवला नाही. "ते बायकांच्या हातचं काम न्हाई." गिऱ्हाईक कोटाचं कापड घेऊन आलं तर ते त्याला वेळ नाही म्हणून लातूरला पाठवून द्यायचे. आपल्या बापाला केवढी कामं, याचा विजयश्रीला अभिमान वाटायचा. ते गेल्यावर दुकान आणि मशीन भावाने घेतलं. कोट कुणालाच नको होता, तो तिने आणला. पेटीतून काढून उन्हात घालताना आजही तिची बोटं त्या छातीवर जायची. अस्तराची चार बोटं शिवण उसवली असती तर आतलं सगळं दिसलं असतं. हातात कात्री घेऊनही तिच्याच्याने ते झालं नव्हतं.

कोट ती शेडमध्ये घेऊन आली ती फक्त दाखवायला. ज्योतीरामच्या खुंटीवर तो अडकवला. कोट खरंच उभा होता. निरंजनने मागितला नाही, तेवढी रीत त्याला होती. तो इतकंच म्हणाला, "हा कुणी शिवला असेल, त्याला नमस्कार." आणि तिथेच विजयश्री विरघळली. औशाच्या बसस्टँडमागे ज्यांना आयुष्यभर गणवेशवाला म्हणून लोकांनी ओळखलं, त्यांचं काम चिंचवडच्या नाट्यगृहात दिव्यांखाली दिसेल, हा मोह तिला आवरेना.

भीती तशी नव्हती. पाठीला अस्तरच नव्हतं, उष्ण मुलखातला कोट. मधली शिवण उसवून तिथे आपली शिवण घालायची, प्रयोगात ती उघडेल, प्रयोगानंतर पुन्हा घालायची. कापडाला धक्का नाही, आणि छातीला तर हातही लावायचा नाही. एवढ्या दिवसांत तिचा स्वतःच्या शिवणीवर देवापेक्षा जास्त विश्वास बसला होता. तरी मिहिर आणि अनुयाला तिने पुन्हा पुन्हा बजावलं, "बाह्याच धरायच्या. वडलांचा हाय."

रंगीत तालमीत कोट असा फाटला की ज्योतीरामने टाळ्या वाजवल्या. विजयश्रीने तिथल्या तिथे पाठ पुन्हा शिवली, घरी नेऊन कोटाला इस्त्री केली आणि तो दोन चादरींत गुंडाळून ठेवला.

प्रयोग दुपारचा होता. स्पर्धेची प्राथमिक फेरी, परीक्षक समोर बसलेले. कपड्यांना इस्त्री करायला एक हात कमी पडत होता म्हणून विजयश्रीने कंपनीतल्या सुमनताईंना बोलावून घेतलं होतं. सुमनताई चाकणजवळच्याच जुन्या गावच्या, वयाने मोठ्या, आणि लाइनच्या अगदी शेवटी बसणाऱ्या. प्रत्येक कव्हर त्यांच्या हाताखालून जायचं. कुठे टाका सुटलाय, कुठे दोरा लोंबतोय हे त्यांना न बघताही कळायचं, आणि जे सापडेल ते तिथेच दुरुस्त करून त्या खडूने बरोबरची खूण करून पुढे ढकलायच्या. त्यांच्या हाताखालून सुटलेलं कव्हर परत आलं, असं कंपनीत कधी झालं नव्हतं. अशी गुणी बाई आपल्या नाटकाला मदत करतेय याचा विजयश्रीला आनंदच होता. नाटकाची गोष्ट मात्र सांगायची राहून गेली, कारण त्या आल्या तेव्हा विजयश्री अनुयाच्या साडीला पिना लावत होती आणि ज्योतीराम पलीकडून "चौथरा हलतोय" म्हणून ओरडत होता.

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. खुंटीवर कोट उभा होता आणि प्रेक्षकांतून कुणीतरी शेजाऱ्याला काहीतरी म्हणाल्याचं विंगेपर्यंत ऐकू आलं. विजयश्रीचा ऊर भरून आला. आता शेवटपर्यंत हलायचं नाही असं ठरवून ती विंगेत उभी राहिली. सुमनताई पदराला हात पुसत तिच्याशेजारी आल्या.

"चांगला दिसतोय गं कोट," त्या कुजबुजल्या. "पर पाठ बघितली व्हतीस का? टाकं पार लांब लांब. मशीन घसरलं आसंल कुणाचं. हातानंच दोन टिपा मारून पक्की केली बघ. आता हत्तीनं वढली तरी उसवायची न्हाई."

विजयश्रीला आधी कळलंच नाही. मग कळलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय? शिवण सुटलेली दिसली आणि सुमनताईंनी ती तशीच पुढे जाऊ दिली, असं होणार होतं का कधी?

ती निरंजनकडे गेली. त्याने ऐकलं आणि रंगमंचाकडे बघितलं. मिहिर आणि अनुया शेवटपर्यंत आत येणारच नव्हते, नाटकच तसं होतं. तिने ज्योतीरामला विचारलं, भिंतीच्या मागून हात घालून कोट काढता येईल का. ज्योतीरामने आपल्या त्या आरपार बोल्ट मारलेल्या, एकही भोक न ठेवलेल्या पत्र्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग तिघंही विंगेत उभी राहिली आणि चौथ्या सुमनताई. त्यांना अजून आपण काय केलं ते कळलेलं नव्हतं. विजयश्रीने त्यांना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आगं बया."

नाटक भांडी ओलांडून गेलं, जमीन ओलांडून गेलं. विजयश्रीला एक शब्द ऐकू येत नव्हता. न फाटला तर नाटक पडेल, हे तिला ठाऊक होतं. पण तिच्या मनात त्याहून वाईट इच्छा होती, आणि ती म्हणजे कोट फाटूच नये. नाटक गेलं खड्ड्यात. सुमनताईंची टीप आहे, टिकेल. लोक हसतील, पडदा पडेल, कोट घरी जाईल. मग तिला निरंजनचा चेहरा दिसला आणि त्या इच्छेची लाज वाटली, पण इच्छा गेली नाही.

"बाबांचा कोट तुझ्या एकट्याचा नाही," अनुया म्हणाली आणि तिने बाही धरली.

पहिला हिसका. दुसरा. तिसरा. चौथ्याला मिहिरने नेहमीप्रमाणे मागे पडायची तयारी केली आणि कोटाने त्याला जागच्या जागी धरून ठेवलं. पाचवा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ते पाहणं नाटकातलं नव्हतं. प्रेक्षागृहात एक खुर्ची कुरकुरली, मागे कुणीतरी फिसकन हसलं. हसण्याचा आवाज मिहिरच्या कानांत गेला असावा. त्याने बाही सोडली, कोटाची छाती मुठीत धरली आणि अंगातल्या सगळ्या ताकदीने ओढली.

या वेळचा आवाज वेगळा होता. शिवण उघडते तेव्हा टर्रकन उघडते, हे कापड होतं, ते थांबत थांबत, चरचरत, बाहीच्या मुंढ्यापासून खाली खिशापर्यंत फाटत गेलं. सुमनताईंनी पक्की केलेली पाठ शेवटपर्यंत टिकली. अनुयाला कोट कुणाचा आहे ते माहीत होतं. ती हातात बाही धरून खाली बसली आणि खरोखर रडायला लागली. पडदा पडला, आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

रंगपटात विजयश्री कोट मांडीवर घेऊन बसली. दारात सगळे जमले होते, आत यायला कुणी धजेना. मिहिरच्या कपाळावरचा रंग घामाने ओघळला होता. सुमनताई भिंतीला टेकून पदर तोंडात धरून उभ्या होत्या. विजयश्रीला रडू येत होतं, रागही येत होता, पण तो कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. तिने फाटलेल्या जागेवर हात ठेवला आणि सवयीने बोटं दाबली. आतलं कुरकुरलं.

मग तिने बोटं आत घातली.

छातीच्या आत बारदान होतं. धान्याच्या पोत्याचं, धुऊन खळ लावलेलं बारदान. त्यावर कुठल्याशा दाळमिलचं अर्धं नाव अजून वाचता येत होतं. तिने अस्तर आणखी बाजूला केलं. खांद्यात जुन्या गोधडीचे तुकडे एकावर एक रचलेले होते. बारदान कापडाला हाताने जोडलेलं होतं, आणि ते टाके पाहून ती चमकली. एक ओळ वाकडी गेलेली, मध्येच सोडलेली. तिच्या शेजारी आधी उसवलेल्या ओळीची भोकं. त्याच्याही शेजारी आणखी एक, तीही उसवलेली. खडूच्या रेघा एकीवर एक, पुसलेल्या, पुन्हा काढलेल्या. एके जागी कच्चा टाका काढायचाच राहून गेला होता. इतकी वर्षं तो आतल्या आत तसाच होता.

असे टाके विजयश्रीने पाहिले होते. नवी पोरगी लाइनवर आली की पहिल्या आठवड्यात असेच घालते. जे काम कुणी शिकवलेलं नाही ते अंदाजाने करणाऱ्या माणसाचे ते टाके होते. वेळ नव्हता म्हणून अण्णांनी गिऱ्हाइकांना लातूरला पाठवलं नव्हतं. बायकांचं काम नाही म्हणून तिला शिकवायचं टाळलं नव्हतं. ज्या पट्टीने तिच्या बोटांवर मारलं तिनेच मोजत, दुकान बंद करून, कुणी बघत नाही अशा वेळी तो माणूस पोतं कापत बसला होता. पुन्हा चुकला, पुन्हा उसवलं, आणि शेवटी जे साधलं त्यावर अस्तर लावून ते कायमचं झाकलं. मग त्या कोटात छाती पुढे काढून झेंड्याला उभा राहिला.

विजयश्री हसायला लागली. आधी खांदे हलले, तेव्हा दारातल्यांना वाटलं रडतेय. मग आवाज फुटला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती बारदानावरच्या दाळमिलच्या नावावर बोट ठेवून हसत होती. तिला बापाचा राग आला होता, इतका की समोर असते तर विचारलं असतं, एवढं सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं, दोघं मिळून शिकलो असतो. आणि त्याच क्षणी तिला तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा इतका जवळचा वाटला.

निरंजन आत आला. परीक्षकांपैकी एकाने मागे येऊन कोटाबद्दल विचारलं होतं, अंतिम फेरी मिळेल असं सगळेच म्हणत होते. पण त्यातलं काही त्याच्या तोंडून आलं नाही. "ताई, हा दुरुस्त होईल का?" एवढंच तो म्हणाला.

"हा आता राहू द्या," विजयश्री म्हणाली. "फाडायला दुसरा शिवते मी. असाच उभा ऱ्हाईल."

"तुम्हाला कोट शिवता येतो?"

"न्हाई येत," ती म्हणाली. "अण्णालाबी येत नव्हता."

मग तिने सुमनताईंना जवळ बोलावलं, कोटाची धड बाजू त्यांच्या हातात दिली, कात्री उचलली आणि उरलेलं अस्तर उसवायला सुरुवात केली.